मागच्या टायरची हवा आठवड्यात उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही. काय काय बघायचं?

सातपूर_अपडाउन

नमस्कार मंडळी, बाईक १५० सीसी, अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस. मागच्या चाकाची हवा हळूहळू जातीये. रविवारी पंपावर २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, आपण पॉइंट म्हणतो ते) मारून घेतो आणि पुढचा रविवार येईस्तोवर १९-२० वर आलेली असते, पुढच्या टायरला २५ असते ती मात्र जागची हलत नाही, फार तर एखादा पॉइंट. दोन पंक्चरवाल्यांना दाखवून झालं. पहिल्याने साबणाचं पाणी मारलं, चाक गरागरा फिरवलं आणि म्हणाला साहेब पंक्चर नाहीये, थंडीने होतं असं. दुसऱ्याने पण तेच केलं, वर म्हणाला टायरच्या आत पंक्चर भरणारं लिक्विड टाकून घ्या, टेन्शन खल्लास. मी नको म्हटलं.

टायर गेल्या वर्षी नवीन टाकलाय, त्याच्यानंतर एक खिळा लागला होता, तेव्हा ती चिकट पट्टी घालून घेतली होती. रोजचं जाणंयेणं घर ते सातपूर एमआयडीसी, रस्त्याबद्दल काही बोलत नाही. थंडीने खरंच एवढी हवा उतरते का? आणि उतरत असेल तर एकाच टायरची कशी? कारण कळल्याशिवाय नुसती दर आठवड्याला हवा मारत बसणं मला पटत नाहीये, खंबाटकीत किंवा कसाऱ्यात कुठेतरी नडायचं.

---

घाटफिरू_पुणे

थंडीची गोष्ट पूर्ण खोटी नाही पण तुमच्या केसला ती लागू पडत नाही. साधा हिशोब आहे, २८-३० पीएसआयच्या टायरला तापमान दहा डिग्रीने उतरलं की साधारण दीड पॉइंट कमी दिसतो. नाशिकला हिवाळ्यात दुपारी २८ डिग्री असताना हवा मारली आणि पहाटे १० डिग्रीला मोजली तर अडीच पॉइंटचा फरक गळती नसतानाही येईल, आणि दुपारी ऊन पडलं की तो भरून पण निघेल. पण ती थंडी पुढच्या चाकालापण तेवढीच वाजते ना! पुढचा टायर हाच तुमचा साक्षीदार. पुढचा हलत नाही आणि मागचा आठ-नऊने उतरतो म्हणजे हवा बाहेर जातेय, विषय संपला.

चांगल्या टायरमधूनसुद्धा रबरातून थोडी हवा झिरपतेच, महिन्याला एक-दोन पीएसआय. तुमची दिवसाला एकाच्या वर जातेय.

दुसरं म्हणजे पंपाच्या आकड्यावर जाऊ नका. एक तर पंपापर्यंत गाडी चालवत जाता तेव्हा टायर तापलेला असतो, आकडा दोन-तीन पॉइंटने फुगलेला येतो, आणि प्रत्येक पंपाचं मशीन वेगळं बोलतं. स्वतःचा एक गेज घ्या, साधा डायलवाला चालेल. तो दोन पॉइंट चुकीचा दाखवत असला तरी हरकत नाही, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं, आपल्याला फरक मोजायचाय. सकाळी गाडी हलवायच्या आधी दोन्ही टायर मोजा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मात्र तासातासाला मोजू नका, प्रत्येक वेळी गेज लावताना फुस्स करून थोडी जातेच आणि मग गळती आपलीच.

जाता जाता, घाटात वर गेलं की गेज उलट जास्त दाखवतो कारण बाहेरचा दाब कमी होतो. महाबळेश्वरला कोकणातून चढून गेलात तर दोनेक पॉइंटचा फरक पडू शकतो, वरच्या थंडीने त्यातला बराचसा खाल्ला जातो ते वेगळं. तुमच्या सातपूरच्या रस्त्यावर याचा काही संबंध नाही, असंच सांगितलं.

---

नायट्रो_भाऊ

भावा नायट्रोजन मारून टाक दोन्ही टायरला. माझ्या गाडीची हवा महिनोन्महिने हलत नाही.

---

टायरवाला_सांगली

नायट्रोजनवाल्या भावांनी राग मानू नका, पण भोक असलं तर त्यातनं नायट्रोजनपण जाणारच की. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन हाय. रबरातनं ऑक्सिजन थोडा लवकर झिरपतो हे खरं, म्हणून फरक पडला तर महिन्याच्या हिशोबात पडतो, आठवड्याला आठ पॉइंटच्या गळतीला तो काय करणार.

आता मूळ गाडीबद्दल. आमचं वडिलांपासून टायरचं दुकान हाय, त्यामुळं जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

पंक्चर नाही असं सांगणारा माणूस फक्त एवढंच सांगत असतो की टायर जिथं रस्त्याला लागतो तिथं त्याला बुडबुडा दिसला न्हाई. ट्यूबलेसमध्ये हवा निघायच्या जागा चार. व्हॉल्व, टायरचा घासणारा भाग, टायरची कड जिथं रिमला बसते ती जागा म्हणजे बीड, आणि खुद्द रिम. बहुतेक जण दुसरी जागा बघत्यात आणि सोडून देत्यात. चाक गरागरा फिरवून तर काहीच कळत न्हाई. हळू गळतीचा बुडबुडा यायला दोन-दोन, पाच-पाच मिनिटं लागत्यात, फिरत्या चाकावर तो दिसणार कसा?

घरी करायचं असलं तर असं करा. गाडी मेन स्टँडवर लावा. मगभर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर, जास्त न्हाई, फेस झाला की गळतीचा फेस कुठला आणि साबणाचा कुठला ते कळत न्हाई. स्प्रेची बाटली असली तर उत्तम, नसली तर जुना ब्रश. आधी हवा ३५ पर्यंत चढवा, टायरच्या बाजूला जास्तीत जास्त किती ते लिहिलेलं असतंय त्याच्या आतच ऱ्हावा, आणि काम झाल्यावर परत २८ वर आणायला विसरू नका.

पहिल्यांदा व्हॉल्व. टोपण काढा, तोंडावर थुंकी लावा, हसू नका, आम्ही दुकानात दिवसभर हेच करतो. पडदा फुगला तर आतली पिन ढिली किंवा खराब. व्हॉल्वची किल्ली मिळती, जरा आवळून बघा, जोर न्हाई करायचा, पितळेची नाजूक आटी असत्यात. न थांबली तर पिन बदला. पिनच्या सीटवर मातीचा एक कण बसला तरी हवा जाती, आणि कुणी पूर्वी लिक्विड घातलं असंल तर ते सुकून पिनमध्येच बसलेलं असतंय.

मग व्हॉल्वचा बुडखा, म्हणजे रबराची नळी रिममधनं बाहेर येती ती जागा. इथं नुसतं साबण मारून उपयोग न्हाई. साबण मारायचा आणि बोटानं व्हॉल्व हळूच एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वाकवून धरायचा. रबराला भेग असली तर वाकवल्यावरच उघडती, सरळ असताना मिटलेली असती. आणि तुम्ही म्हणताय टायर गेल्या वर्षी नवीन. टायर बदलताना व्हॉल्वपण नवीन घातला होता का? निम्म्या ठिकाणी जुनाच ठेवत्यात. चार-पाच वर्षाचं रबर, वरनं उन्हानं कडक झालेलं.

मग टायर. पूर्ण गोल एकदम बघू नका, वीतभर वीतभर बघा, खडूनं खूण करत चला. जुनी पट्टी घातलेली जागा आधी. बाहेरनं घातलेल्या पट्टीच्या कडेनं वर्षभरानं हळूहळू हवा जाणं ही एकदम नेहमीची गोष्ट हाय. आणि सातपूरला जाता म्हणजे लेथवरनं निघणारा लोखंडाचा बर, म्हणजे कीस, रस्त्यावर पडलेला असणार, ट्रकच्या फुटक्या टायरमधल्या बारीक तारापण असत्यात. केसाएवढी तार घुसली की वरनं नखाला पण लागत न्हाई. अशा तारेची हवा गाडी उभी असताना कमी जाती आणि चालताना टायर दबतो तेव्हा जास्त जाती.

त्यानंतर बीड. दोन्ही बाजूनं टायर आणि रिमच्या फटीत साबणाचं पाणी साचंल इतकं घाला आणि चहा पिऊन या. इथं मोठा बुडबुडा येत न्हाई, दुधावरच्या सायीसारखा बारीक पांढरा फेस हळूहळू जमतो. अलॉय रिमला आतनं पांढरी पावडर धरती, रंगाखाली ॲल्युमिनियम खराब होतं, त्यामुळं टायर नीट चिकटून बसत न्हाई. न्हाईतर खड्ड्यात आदळून रिमची कड चेपलेली असती. मागच्या चाकाजवळ स्विंगआर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, पेन्सिल टेकवून धरा आणि चाक हातानं हळू फिरवा, कड कुठं आतबाहेर जाती ते डोळ्याला दिसतं.

शेवटी रिमचीच चीर. कमी बघायला मिळती, पण मिळाली तर वेल्डिंग करून वापरू नका, रिम बदला. यात आमचा धंदा म्हणून सांगत न्हाई.

आता मला तीन गोष्टी सांगा. गाडी चार दिवस उभी राहिली तर हवा तेवढीच उतरती का कमी? व्हॉल्व जुना का नवा? आणि व्हॉल्ववर साधं प्लास्टिकचं टोपण हाय का दुसरं काय लावलंय?

---

रोजचा_रायडर

लिक्विड टाकायला काय हरकत आहे? माझ्या स्कूटरला दोन वर्षं आहे, एकही पंक्चर नाही.

---

टायरवाला_सांगली

पंक्चर नाही का पंक्चर कळलं नाही, हे टायर उतरवल्याशिवाय सांगता येत न्हाई. लिक्विड वाईट हाय असं मी म्हणत न्हाई, लांबच्या प्रवासाला, रात्रीच्या गाडीला उपयोगी पडतं. पण गळती कुठनं हाय ते शोधायच्या आधी घातलं की शोधायचा मार्गच बंद. व्हॉल्वच्या बुडख्याची भेग त्यानं भरत न्हाई, कारण चाक फिरायला लागलं की लिक्विड बाहेरच्या बाजूला टायरला जाऊन चिकटतं, व्हॉल्व असतो आतल्या बाजूला. वर पुढच्या वेळी टायर खोलणाऱ्या पोराचं तोंड बघण्यासारखं होतं.

---

सातपूर_अपडाउन

एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार दादा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

१. दिवाळीत गावाला गेलो होतो, गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये मेन स्टँडवर होती. आल्यावर बघितली तर हवा जवळपास होती तेवढीच, मला वाटलं आपोआप थांबली गळती. परत कामावर जायला लागलो आणि परत सुरू.

२. व्हॉल्वचं त्यांनी काही विचारलं नव्हतं, बिलात फक्त टायर आणि मजुरी आहे म्हणजे जुनाच असावा. गाडी सहा वर्षांची.

३. ऑनलाइन मिळतात ना ते प्रेशर दाखवणारे कॅप, हिरवा पिवळा लाल, ते लावलेत. पुढचा हरवला, मागचा आहे. हा हिरवाच दाखवत असतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणं बंद केलंय.

---

घाटफिरू_पुणे

सापडला चोर बहुतेक 😄

तो रंगवाला कॅप काम कसा करतो माहितीये का, तो व्हॉल्वची पिन कायम आत दाबून ठेवतो म्हणजे टायरची हवा कॅपच्या आत येते आणि तिचा दाब त्याला कळतो. म्हणजे तुमच्या टायरला व्हॉल्वची पिन असून नसल्यासारखी, सगळी हवा त्या कॅपमधल्या शेंगदाण्याएवढ्या वायसरवर अडलेली. वायसर हललं की गळती. आधी तो काढून फेका आणि आत रबर असलेलं साधं टोपण लावा.

पण गाडी उभी असताना हवा जात नव्हती हे मला त्या कॅपच्या विरुद्ध वाटतंय, वायसरची गळती उभ्या गाडीत पण व्हायला हवी. सांगलीकर काय म्हणतात?

---

टायरवाला_सांगली

बरोबर पकडलंत. कॅप काढाच, पण मला व्हॉल्वच्या बुडख्याचाच संशय येतोय. कॅप वजनाला असला तरी किती, दहा ग्रॅम धरा. पण ६० च्या स्पीडला चाक फिरताना त्या दहा ग्रॅमची ओढ अर्ध्या किलोच्या आसपास जाती. त्या वजनानं जुनी रबरी नळी वाकती, थांबलं की सरळ होती, परत वाकती, आणि बुडख्याला भेग पडती. चालताना उघडती, उभी असताना मिटती. तुमची सगळी लक्षणं यात बसत्यात. एखादी बारीक तार असली तरी लक्षणं अशीच दिसतील हे पण लक्षात ठेवा, म्हणून दोन्ही बघा. तपासताना व्हॉल्व वाकवायला मात्र विसरू नका.

असले वजनदार कॅप किंवा सेन्सर लावायचेच असले तर नटानं आवळायचा धातूचा व्हॉल्व घालून मग लावा.

---

रत्नागिरी_बुलेट

मध्येच माझा प्रश्न घुसवतो, माफी. माझी बुलेट, तारांची चाकं, ट्यूबवाले टायर. मागची हवा पंधरा दिवसांत दहा पॉइंट जाते. ट्यूब काढून पाण्यात बघितली तर एकही बुडबुडा नाही. समुद्र जवळ म्हणून रिमला गंज आहे, त्याने होईल का? आणि एक दिसलं ते म्हणजे व्हॉल्व सरळ नाही, एका बाजूला कललाय.

---

सातपूर_अपडाउन

अपडेट. रविवारी सकाळी उद्योग केला, बायको म्हणाली गाडीला आंघोळ घालताय का.

कॅप काढला, थुंकी लावून बघितलं, तोंडावर काही नाही. मग साबण लावून व्हॉल्व सरळ ठेवून पाच मिनिटं बघत बसलो, काही नाही. डावीकडे वाकवला, काही नाही. उजवीकडे वाकवला आणि बुडख्याशी, रिमला लागून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक यायला लागले. सोडला की बंद, वाकवला की परत चालू. पोराला बोलावून दाखवलं, त्याला फार मजा वाटली. रबर जवळून बघितलं तर नळीच्या अर्ध्या गोलात भेग आहे, धूळ भरलेली म्हणून एरवी दिसतच नव्हती. जुन्या पट्टीची जागा पण बघितली, ती कोरडी निघाली. बीडला डाव्या बाजूला थोडा फेस आला असं वाटलं पण खात्री नव्हती.

दुपारी टायरवाल्याकडे चाक काढून नेलं. तो आधी ऐकेना, म्हणे व्हॉल्व चांगला आहे साहेब, मग त्याच्यासमोर वाकवून दाखवला तेव्हा गप्प बसून नवीन घातला. व्हॉल्व शंभराच्या आतच गेला, मजुरी वेगळी. टायर उतरलेलाच होता म्हणून रिमची कड पण साफ करून घेतली, डाव्या बाजूला खरंच पांढरी पावडर होती, त्याने तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने घासली, बीडला सीलर लावला. शेवटी चाक पाण्याच्या टाकीत बुडवून पूर्ण फिरवून बघितलं, सगळं शांत.

त्याच्यानंतर रोज सकाळी मोजतोय. २८ वर आहे, एखाद्या गार सकाळी २७ दाखवतो आणि पुढच्या टायरला पण त्याच दिवशी तेवढाच कमी दाखवतो, म्हणजे घाटफिरूंनी सांगितलेली थंडी.

---

घाटफिरू_पुणे

मस्त. पुढच्या चाकाचा व्हॉल्व पण सहा वर्षांचाच आहे ना? एकदा वाकवून बघा.

---

सातपूर_अपडाउन

बघितला. बारीक चिरा आहेत वरच्या वर, बुडबुडा नाही अजून. पगार झाला की बदलून टाकतो.

---

टायरवाला_सांगली

पगाराची वाट कशाला बघताय, पुढचं चाक हाय ते. मागची हवा गेली तर गाडी लटपटते, पुढची गेली तर हँडल हातात ऱ्हात न्हाई.

रत्नागिरीवाल्या दादा, तुमच्या प्रश्नात उत्तर हाय. व्हॉल्व कललाय म्हणजे टायर रिमवर सरकलाय. हवा कमी असताना ब्रेक आणि पिकअपला टायर थोडा थोडा फिरतो, सोबत ट्यूब ओढत नेतो, व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला. मग व्हॉल्व जिथं ट्यूबला चिकटवलेला असतो तिथं रबर ताणलं जातं. ट्यूब बाहेर काढून पाण्यात धरली की ताण गेलेला असतो, म्हणून बुडबुडा येत न्हाई. ट्यूबमध्ये टायरशिवाय जास्त हवा भरता पण येत न्हाई, नुसती फुगत जाती, त्यामुळं बारीक भोक उघडतच न्हाई. पाण्यात धरून व्हॉल्वच्या बुडख्याजवळ चारी बाजूनं ओढून बघा. जुना पॅच असला तर त्याची कड पण ओढून बघा.

गंजाचा संबंध असा की तारांच्या टोकांवर रिमच्या आत रबराची पट्टी असती. ती सरकली किंवा सडली की तारेचं टोक न्हाईतर गंजाचा पापुद्रा ट्यूबला घासत ऱ्हातो. ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या बाजूला, टोचल्यासारख्या खुणा दिसल्या तर तेच. गंज घासून काढा, रंग मारा, पट्टी नवीन घाला, मगच ट्यूब. ट्यूब घेताना ब्युटिल रबराची हाय का विचारा. साध्या रबराची ट्यूब हवा बरीच लवकर सोडती, त्यात काही बिघाड नसला तरी.

आणि व्हॉल्वचा नट रिमला गच्च आवळून ठेवू नका. टोपणाच्या बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे टायर सरकला की व्हॉल्व कलतो आणि तुम्हाला वेळेत दिसतं. गच्च आवळला की तो कलायच्या ऐवजी फाटतो.

---

रत्नागिरी_बुलेट

ओढून बघितली. बुडख्याशी एका बाजूने बारीक बुडबुडे, ओढ सोडली की गायब. रिमकडच्या बाजूला टोचल्याच्या खुणा पण आहेत दोन-तीन ठिकाणी. नवीन ट्यूब आणि पट्टी दोन्ही आणायला चिपळूणला जातोय, इथे ब्युटिलची आहे का विचारलं तर दुकानदार म्हणाला सगळ्या सारख्याच असतात.

---

टायरवाला_सांगली

ट्यूबवरच छापलेलं असतं, वाचून घ्या. आणि नवीन ट्यूब घालताना टॅल्कम पावडर लावायला सांगा, आधी थोडी हवा भरून ट्यूब गोल करून मगच टायर चढवायचा, न्हाईतर टायर चढवताना ट्यूब चिमटली की परत इथंच भेटाल.